निघायची रीत

दबोरा हुशार होती, आणि तीच तिची पंचाईत होती. वर्गात सांगितलेलं तिला लगेच पटायचं, आणि एकदा पटलं की ती ते तंतोतंत करायची. बाकीच्या मुली ऐकलेलं अर्धं विसरायच्या आणि उरलेल्या अर्ध्यात आपल्या पदरचं मिसळून वेळ मारून न्यायच्या. दबोराला ते कधी जमलं नाही.

वर्ग शिरूरला होता. स्वातंत्र्य मिळून दहा-अकरा वर्षं झाली होती आणि खेड्यातल्या माणसांची काळजी एकदम सगळ्यांनाच वाटू लागली होती. कोणी विहिरींच्या मागे लागलं होतं, कोणी संडासांच्या, तर कोणी बिनधुराच्या चुलींच्या. ग्रामसखी मंडळ नावाच्या एका लहानशा संस्थेनं मात्र भलतंच काम अंगावर घेतलं होतं. ज्यांचं मन आजारी आहे अशा माणसांच्या घरी जायचं, त्यांच्यापाशी बसायचं, घरच्यांना धीर द्यायचा, गरज पडली तर डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. अशा कामासाठी बायका तयार करायच्या म्हणून हा वर्ग. चार महिने शिकवणी, मग दोन महिने एखाद्या गावात प्रत्यक्ष काम, मग परीक्षा आणि नेमणूक. शिरूरच्या बाजारात या मुली दिसल्या की भाजीवाल्या एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या आणि म्हणायच्या, "आल्या बगा येड्यांच्या मास्तरनी." मुलींना राग यायचा, पण भाजी तिथंच घ्यावी लागायची.

वर्ग चालवायच्या कृपाबाई. कृपाबाई म्हणजे पांढरं पातळ, काळी छत्री आणि नियम. पुण्यात एका डॉक्टरांच्या हाताखाली त्यांची निम्मी हयात गेली होती आणि आजारी माणसांशी कसं वागावं हे त्यांना खरोखरच कळत होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी 'वेडा' हा शब्द वर्गाबाहेर काढला. माणूस आजारी असतो, वेडा नसतो. त्याच्याहून उंच बसायचं नाही. प्रश्नांची सरबत्ती करायची नाही. खोटा शब्द द्यायचा नाही, कारण आजारी माणूस बाकी सगळं विसरतो पण दिलेला शब्द विसरत नाही. आणि उठताना गाजावाजा नको, आजाऱ्याला निरोपाची धांदल सोसत नाही, तेव्हा गुपचूप उठायचं आणि निघायचं.

आणखी एक नियम होता आणि तो त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितला होता. कोणाच्याही घरी काहीही घ्यायचं नाही. चहा नाही, पाणी नाही, शेंगदाण्याचा दाणासुद्धा नाही.

"पाटलाकडचा चहा प्यालात आणि वेशीबाहेरच्या घरातला टाळलात," कृपाबाई म्हणाल्या, "की तुमचं काम त्याच दिवशी संपलं. त्यापेक्षा कोणाचाच नको."

बाकीच्या मुलींनी एकमेकींकडे बघितलं, कारण चहाशिवाय दोन महिने काढायचे म्हणजे शिक्षाच होती. दबोराला मात्र हायसं वाटलं. तिचे आजोबा वेशीबाहेरच्या वस्तीतून उठून मिशनच्या कंपाउंडात आले होते. वडील शलमोन मास्तर खेड्यापाड्यांतल्या शाळांवर शिकवत आले होते आणि त्यांनी आयुष्यभर कान तुटलेल्या कपातून चहा प्यायला होता. असा कप गावकऱ्यांच्या घराबाहेर, ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, आणि पिऊन झाला की मास्तरच तो विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचे. त्याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत, पण लहानपणी दोन-चारदा त्यांच्याबरोबर गेलेल्या दबोराच्या मनातून तो कप गेला नव्हता. आता कप कुठून येतो ते बघायची वेळच येणार नव्हती. नियमाच्या आड उभं राहून ती निवांत होणार होती.

प्रत्यक्ष कामासाठी तिला राहू मिळालं. होडीतून भीमा ओलांडून पलीकडे गेलं की दौंड तालुका लागतो, आणि गुऱ्हाळाच्या दिवसांत राहूचा वास गाव दिसायच्या आधीच येतो. शिवारात ऊस उभा होता, बांधाबांधावर गुळाची चुलवणं पेटली होती आणि गावातली निम्मी माणसं काकवीनं चिकट झालेल्या हातांनी हिंडत होती. शाळामास्तरांच्या घरात कृपाबाईंनी तिच्यासाठी एक खोली घेतली होती. गावात तिला आठ-दहा घरं सांगितलेली होती. त्यातलं अवघड घर एकच होतं, ते बबनरावांचं.

बबनरावांची बायको मालन. गेल्या श्रावणात तिचा दोन वर्षांचा ज्ञानू गोवरानं गेला. तेव्हापासून ती माजघरातल्या खांबापाशी बसली ती बसलीच. घास हातात दिला तर खायची, नाही दिला तर मागायची नाही. बोलणं तर साफ बंद झालं होतं. देवऋषी झाला, अंगारे झाले, दोन लिंबं आणि एक कोंबडं झालं. सुरुवातीला आयाबाया येऊन बसायच्या, पण पुढे पुढे त्यांनीही पाय आवरता घेतला, कारण बाहेरचं काही असलं तर आपल्यामागे नको लागायला. आता त्या घरी फारसं कोणी फिरकत नव्हतं.

"नाव काय म्हनलासा तुमचं?" पहिल्या दिवशी मालनच्या सासूनं, रतनबाईंनी विचारलं.

"दबोरा."

"डबरा?"

"दबोरा, मावशी."

रतनबाईंनी दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात ते नाव फिरवून बघितलं. "आसू द्या," त्या शेवटी म्हणाल्या. "आपलं बाई म्हनू. बसा. च्या ठिवते."

"नको मावशी. आम्हाला घेता येत नाही."

"मग पानी तरी?"

"नको."

दबोरा मालनपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली, शिकवल्याप्रमाणे. मालनचं वय तिच्याएवढंच असेल. डोळे उघडे होते, पण कशावर टेकलेले नव्हते. दबोरानं आपलं नाव सांगितलं, शिरूरहून आले म्हणून सांगितलं, आणि मग ती नुसती बसून राहिली. हेही शिकवल्याप्रमाणेच. बऱ्याच वेळानं ती उठली, रतनबाईंना हात जोडले आणि एक शब्द न बोलता बाहेर पडली. वाटेनं जाताना तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं. सगळं अगदी बिनचूक झालं होतं.

असं ती दोन-तीन दिवसांआड येत राहिली. येऊन बसायची, चहाला नको म्हणायची, गुपचूप उठायची. मालन कधी तिच्याकडे बघायची नाही. पण दबोरा चिकाटीची होती. 'धीर सोडायचा नाही' हाही नियमच होता, आणि नियम तिला कधी जड गेला नव्हता.

मग एका दुपारी बबनराव गुऱ्हाळावरून मधेच घरी आले. अंगानं दांडगा आणि बोलायला भिडस्त असा माणूस. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी डोक्याचं मुंडासं काढलं आणि पुन्हा बांधलं.

"बाई, तुमाला सांगायचं व्हतं," ते म्हणाले. "गुऱ्हाळ संपलं की हिला पुन्याच्या इस्पितळात न्हेऊन घालायचं म्हनतोय. गुळाचा ट्रक जातो, त्यातनंच."

"घालायचं म्हणजे?"

"म्हंजी ठिवायचं. आता माझ्यानं बघवत न्हाई." त्यांचा आवाज फाटला आणि ते तसेच माघारी वळून निघून गेले.

इस्पितळ वाईट असतं असं दबोराला वाटत नव्हतं. कृपाबाईंनी तिथल्या कितीतरी बऱ्या होऊन घरी आलेल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. पण 'न्हेऊन घालायचं' हा शब्द तिला लागला. एकदा नेऊन घातलेलं माणूस परत आणायला घरचं कोणी जातच असं नाही, हेही कृपाबाईंनीच सांगितलं होतं. तिनं रतनबाईंकडे बघितलं. त्या सूप घेऊन डाळ पाखडत होत्या आणि डाळ कधीच पाखडून झाली होती.

"मावशी, मी इतके दिवस येते," दबोरा म्हणाली. "काहीच फरक नाही का पडला?"

"पडतो की," रतनबाई म्हणाल्या. "तुमी आलात की त्या रातीला ती जेवत न्हाई."

दबोराला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

"खरं सांगू का? राग येऊ देऊ नगा." रतनबाईंनी सूप बाजूला ठेवलं. इतके दिवस दाबून धरलेलं एकदम बाहेर आलं आणि त्याबरोबर 'तुमी'सुद्धा गळून पडलं. "पोरी, तू दर येळी सुतकाला आल्यावानी येतीस. आमच्यात मयताच्या घरी गेलं म्हंजी च्या न्हाई, पानी न्हाई. बसायचं, गप उठायचं आन् चालू लागायचं. येते म्हनायचं न्हाई. आसल्या घरी पुन्यांदा यायची येळ नगं म्हनून. तू पयल्या दिसापास्नं तसंच करतीस. माझ्या नातवाला जाऊन इतके महिने झाले, आन् तू येऊन गेलीस की ह्या घरातनं आत्ताच तिरडी उचलल्यावानी वाटतं. मलाच वाटतं, मग तिला काय वाटत आसंल?"

दबोराच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. कंपाउंडात कोणी गेलं तर सगळे जमायचे, प्रार्थना व्हायची आणि प्रार्थना झाली की एकमेकांना सलाम करून लोक घरी जायचे. लग्नातही सलाम आणि मयतातही सलाम. न बोलता उठण्याला या बाजूला दुसरा काही अर्थ असेल हे तिच्या गावीही नव्हतं. कृपाबाईही कंपाउंडातच वाढलेल्या, त्यांच्याही नव्हतं. दोघींनी मिळून एका दुःखात बुडालेल्या बाईच्या दारी, मोठ्या काळजीनं आणि अगदी शिस्तीत, पुन्हा पुन्हा सुतक नेऊन ठेवलं होतं. हे लक्षात आल्यावर तिला इतकी लाज वाटली की उठून पळून जावं. पण पळून जायचं तरी कसं? न बोलता पळाली असती तर तेही सुतकच झालं असतं.

"मावशी," ती म्हणाली, "चहा ठेवता का?"

रतनबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग लगबगीनं चुलीकडे गेल्या.

चहा उकळू लागला. कप कुठून येतो ते बघायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि डोळे नेमके तिकडेच गेले. आत फडताळात दोनच कपबश्या होत्या. एक धड होती, दुसरीचा कान उडालेला होता. रतनबाईंनी दोन्ही काढल्या, पदरानं पुसल्या आणि चहा ओतला. दबोरानं कान तुटलेल्या कपासाठी हात पुढे केला.

"त्यो माझा हाय," रतनबाई म्हणाल्या. "तू पावनी हायेस का मी?" आणि धड कप तिच्यापुढे सरकवला.

रतनबाईंना काही माहीत नव्हतं असं नाही. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि दबोरा कोणाची कोण हे ती होडीतून उतरायच्या आधीच राहूत येऊन पोचलं होतं. कदाचित सहा महिन्यांपूर्वी याच रतनबाईंनी दुसरा कप काढला असता. पण ज्या घरी कोणी येत नाही त्या घराला येणाऱ्या माणसाची किंमत कळलेली असते, आणि म्हातारी काही मूर्ख नव्हती. गुळाचा दाट चहा होता. दबोरानं पहिला घोट घेतला आणि तिचे डोळे भरून आले. तिला शलमोन मास्तरांची आठवण झाली. या कपाबद्दल त्यांना सांगितलं तर ते काही बोलणार नाहीत, नुसते चष्मा पुसत बसतील, हे तिला ठाऊक होतं.

मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी मालनपुढे धरली. एका चहात दोघी, एकीला कप आणि एकीला बशी, असं बायका नेहमीच पितात. पण मालनपुढे गेल्या श्रावणापासून असं अर्ध्यातलं अर्धं कोणी धरलं नव्हतं. आजारी म्हणून तिला सगळं पुरतं आणि वेगळं मिळायचं. मालननं बशीकडे बघितलं. बराच वेळ काही झालं नाही, दबोराचा हात भरून आला. मग मालननं दोन्ही हातांनी बशी घेतली आणि फुंकर घालून प्यायली.

"येते हं, मालनबाई," निघताना दबोरा म्हणाली. शब्द तोंडातून काढताना ती इतकी घाबरली होती की तो जरा जोरातच निघाला. मालन काही बोलली नाही. पण त्या रात्री ती जेवली, हे दुसऱ्या दिवशी सकाळीच रतनबाईंनी शाळेच्या आवारात येऊन, मास्तर आणि पोरं यांच्या देखत, मोठ्यांदा सांगितलं.

आता राहिली कृपाबाईंची परीक्षा, ती खऱ्या परीक्षेपेक्षा अवघड होती. बाई आठवड्याला राहूला चक्कर मारत. त्या होडीतून उतरल्या त्या छत्री टेकत सरळ मास्तरांच्या घरी आल्या, आणि दबोरानं त्यांना बसूही न देता सगळं सांगून टाकलं. चहा, बशी, येते, सगळं.

कृपाबाई छत्रीची मूठ चाचपत राहिल्या. दबोराला वाटलं, आपला वर्ग संपला.

"म्हणजे इतकी वर्षं आपण लोकांच्या घरी जाऊन..." कृपाबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं आणि कपाळावर हात मारला. मग त्या हसायला लागल्या. त्यांना हसताना दबोरानं कधी बघितलं नव्हतं, आणि एकदा सुरू झाल्यावर ते हसू लवकर थांबेना. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "ठीक आहे. चहा घे. पण मग सगळ्यांकडचा घ्यायचा. वरच्या आळीचा आणि वेशीबाहेरचा, एकही घर सोडायचं नाही. पोटाचं काय होईल ते तू बघ."

"हो, बाई."

"आणि 'येते' म्हणायला माझी हरकत नाही. पण खोटा शब्द द्यायचा नाही, हा नियम मोडायचा नाही. येते म्हटलंस की जायचं. जायचं नसेल तर म्हणायचं नाही."

हेही दबोराला पटलं. म्हणजे आता ती तेही तंतोतंत करणार होती.

कृपाबाई स्वतः बबनरावांकडे गेल्या आणि दौंडला महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना राहूला घेऊन आल्या. डॉक्टरांनी मालनला तपासलं, गोळ्या दिल्या आणि बबनरावांना सरळ सांगितलं. ती खाते आहे ही चांगली खूण आहे. गुऱ्हाळ संपेपर्यंत थांबा. तोवर ती बोलू लागली तर घरच तिला उत्तम आहे, मात्र कोणीतरी नेमानं येत राहिलं पाहिजे. नाही बोलली तर मात्र इस्पितळात आणा, उशीर करू नका. बबनरावांनी मान हलवली. मुदत ठरली, आणि त्या दिवसापासून दबोरा चुलवणाच्या धुराकडे धास्तीनं बघू लागली.

ती रोज जायची. अर्धा चहा बशीत जायचा, आणि निघताना "येते हं, मालनबाई." थंडी असो, पोट बिघडलेलं असो. ते बिघडलंच, इतक्या घरचा चहा पिऊन दुसरं काय होणार? पण शब्द चुकला नाही. मालन खांबापासून उठून ओसरीवर यायला लागली. एकदा तिनं आपणहून भाजी निवडली. एकदा दबोराला यायला उशीर झाला तर ती दारात उभी होती, असं शेजारच्या बायकांनी सांगितलं. त्याही आता वाटी-फुलपात्र मागायचं निमित्त करून आत डोकावायला लागल्या होत्या. रतनबाईंना भाबडा आनंद व्हायचा आणि त्या दबोराला मुठीनं गूळ बांधून द्यायच्या. पण मालन बोलत मात्र नव्हती. ओठ हलल्यासारखे वाटायचे, दबोरा श्वास रोखून थांबायची आणि मग काहीच व्हायचं नाही.

उसाचे फड रिकामे होत गेले. इकडे शिरूरहून निरोप आला की परीक्षा मंगळवारी, आणि नेमणुका जवळपास ठरल्या आहेत. दबोराला दौंड. रेल्वेच्या वसाहतीशेजारी मंडळाचं नवं केंद्र निघत होतं. पक्की खोली, विजेचा दिवा, रविवारच्या प्रार्थनेचं देऊळ हाकेच्या अंतरावर, आणि तिची सारामावशीही तिथंच राहायला. याच्याहून चांगली नेमणूक त्या वर्गात कोणाला मिळाली नव्हती. दबोराला आनंद झाला आणि तो खोटा नव्हता. राहूला कोण येणार ते अजून ठरलेलं नव्हतं.

निघायच्या दिवशी ती बबनरावांकडे गेली. गुऱ्हाळ आदल्या दिवशी संपलं होतं. बबनराव ओसरीवर बसले होते आणि त्यांच्या हातांना आता काही काम नव्हतं. माजघरात खुंटीला एक गाठोडं अडकवलेलं होतं, मालनच्या लुगड्यांचं.

"उद्या सकाळी ट्रक हाय," बबनराव जमिनीकडे बघत म्हणाले.

रतनबाईंनी चहा केला. दबोरानं अर्धा बशीत ओतला, मालननं घेतला. दबोरा उगाचच तिला शिरूरच्या बाजाराचं काहीबाही सांगत राहिली, आणि सांगता सांगता तिला कळलं की आपल्याला ही बाई फार आवडते. आजारी म्हणून नाही, कामाची म्हणूनही नाही. बोलली नाही तरी तिच्याशेजारी बसायला बरं वाटतं म्हणून. उद्या ती ट्रकात गुळाच्या ढेपांशेजारी बसेल आणि आपण पेपर लिहीत असू.

होडीची वेळ झाली. दबोरा उठली, पदर सारखा केला. शब्द ओठांवर आला आणि तिथंच अडकला. येते म्हणायचं, पण कुठं? या घरी मालन नसणार, आणि आपण दौंडला असणार. खोटा शब्द द्यायचा नव्हता. तिनं रतनबाईंना हात जोडले, मालनकडे एकदा बघितलं आणि काहीच न बोलता उंबऱ्याकडे वळली. आपण काय करतोय हे या वेळी तिला पक्कं ठाऊक होतं. रतनबाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला.

"येते म्हन की."

आवाज घोगरा होता, गंजलेल्या कडीसारखा. दबोराला आधी वाटलं, रतनबाईच बोलल्या. पण रतनबाईंच्या तोंडात पदर होता.

"न बोलता कुठं निघालीस?" मालन म्हणाली. ती उभी राहिली होती, एक हात खांबाला होता. "हितं कोन मेलंय आता?"

ओसरीवर बबनराव उठले आणि उठले तसेच उभे राहिले. रतनबाईंनी तोंडातला पदर सोडला. दबोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

"येते," ती म्हणाली.

"कवा?"

आता या प्रश्नाचं उत्तर वर्गात कोणी शिकवलं नव्हतं. दबोराच्या डोळ्यांपुढे दौंडची पक्की खोली आली, विजेचा दिवा आला, सारामावशी आली. एवढ्या चांगल्या गोष्टी सोडताना जीव थोडा चुटपुटला, खोटं कशाला सांगा. पण त्याच्या कितीतरी पट आनंद तिच्या छातीत मावत नव्हता. मंगळवारी पेपर. संध्याकाळी कृपाबाईंपुढे उभं राहून राहू मागायचं. बाई टेबलावर हात आपटतील आणि देतील.

"बुधवारी," ती म्हणाली. "आता बुधवारीच. आणि मग रोज."

मालननं तिच्याकडे नीट बघितलं, ही खरं बोलते आहे का ते पारखून घेतल्यासारखं. मग मान हलवली.

"ये," ती म्हणाली. आणि वळून तिनं खुंटीवरचं गाठोडं खाली घेतलं, गाठ सोडली आणि आपली लुगडी एकेक करून दांडीवर टाकायला लागली.